उलट्या पावलांचा हनोखबुवा

फार वर्षं झाली त्याला. किती, ते मला विचारू नका. मी माझ्या आजाला विचारलं होतं, तर तो म्हणाला, "माझ्या आजाच्या येळची गोष्ट हाय ही." तेव्हा हिवरमाळच्या चर्चला कौलं नव्हती, गवताचं छप्पर होतं. ख्रिस्तवाडीत मोजकी घरं होती, आणि त्यातलं शेवटचं घर हनोखचं. आडनाव सकट. दोर वळायचा.

बायबलातला हनोख देवाबरोबर चालला आणि चालता चालता दिसेनासा झाला, असं लिहिलंय. आमचा हनोखही चालायचा, पण उलटा. हसू नका, दोर वळणाऱ्याला उलटंच चालावं लागतं. एका टोकाला फिरकी असते, ती एकजण बसून फिरवतो. दुसऱ्यानं घायपाताचा वाख, म्हणजे कुटून काढलेले तंतू, काखेत मारायचा, त्यातनं चिमूट चिमूट सोडत पीळ सांभाळायचा आणि एकेक पाऊल मागं जायचं. जसजसं मागं जावं, तसतसा दोर वाढतो. हनोख असा दिवसभर चालायचा. मागं वळून बघायचा नाही. असं म्हणतात की त्याला येताना बघून वाटेतल्या शेळ्या उठून बाजूला व्हायच्या, आणि एकदा भर वाटेवर ऊन खात पडलेला नागसुद्धा अंग आवरून बोरीखाली गेला. हनोखला यातलं काही ठाऊक नसायचं. तो गाणं करत असायचा.

हो, गाणं. तोच तर त्याचा लौकिक. त्या काळी वाडीत उपासना व्हायची, पण गाणी कुठून कुठून आलेली. शब्द आपले, चाल परक्याची. ताणून ताणून म्हणताना म्हाताऱ्यांना धाप लागायची. हनोखची गाणी मात्र पायांतून आलेली होती. एक पाऊल, एक ओळ. ती म्हणताना कुणाला धाप लागली नाही. उलट असं म्हणतात की अडून बसलेला बैल त्याच्या दुसऱ्या ओळीला उठायचा आणि तिसऱ्या ओळीला चालू लागायचा.

पण गाण्याची खरी परीक्षा बैल घेत नसे. ती घ्यायची सलोमी. सलोमी म्हणजे हनोखची बायको, फिरकी फिरवायला तीच बसायची. तोंडाची फटकळ. नवरा मागं जाता जाता नवी ओळ म्हणून बघायचा आणि ही कान देऊन ऐकायची. ओळ पटली तर फिरकी चालू. नाही पटली तर फिरकी थांबली. फिरकी थांबली की दोर लुळा पडायचा.

"आगं, का थांबलीस?"

"खोटं वाटलं."

"काय खोटं हाय त्यात? समदे असंच म्हनत्यात."

"समदे म्हनत्यात म्हनूनच खोटं वाटलं."

मग हनोख मुकाट्यानं ती ओळ सोडून द्यायचा आणि दुसरी शोधायचा. त्यामुळं त्याची गाणी थोडी. उभ्या आयुष्यात केलेली गाणी एका हाताच्या बोटांवर मोजून संपतात. आजकाल एका नाताळाला तेवढी होतात, आणि पुढच्या नाताळाला आठवत नाहीत. असो.

त्यातलं सगळ्यांत मोठं गाणं म्हणजे दोराचं गाणं. त्याचं ध्रुपद असं:

धर बापा धर, माझा दोर धर,
मी उलट्या पायी येतो, मागं तुझं घर.

आणि पहिलं कडवं:

पुढं दिसे चाललेली वाट, मागं दिसे ना काही,
ज्याचा हात पाठीवर त्याला भीती नाही.

इथपर्यंत गाणं सरळ आलं. दुसऱ्या कडव्यात हनोखनं ओळ धरली, "तू सदा जवळ होतास." फिरकी थांबली. हनोखनं विचारलं, का थांबलीस. त्यांचं एकुलतं एक लेकरू आदल्या वर्षी तापानं गेलं होतं. सलोमी म्हणाली, "त्या दिशी होता का जवळ? मला तर कुनी दिसला न्हाई."

असं म्हणतात की पुढं एक वर्ष हनोखनं दोर वळले, पण मुक्यानं. लोक म्हणाले, हनोख आटला. चर्चचे पाळक येऊन म्हणाले, "हनोखबुवा, ते कडवं राहू दे, पुढचं कर." तो म्हणाला, "साहेब, मधला पदर सोडला तर दोर होत न्हाई." वर्ष उलटल्यावर एका सकाळी, फिरकीपासून बराच लांब गेलेला असताना, त्यानं ओळ म्हटली:

लेकरू नेलं त्या दिशी तू बोलला ना काही,
विचारायला तुझ्यावाचून दुसरं दारही नाही.

सलोमीच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण तिनं फिरकी थांबवली नाही. असं म्हणतात की त्या दिवशीचा दोर मोटेला लावला, तो बैलांच्या तीन जोड्या म्हाताऱ्या झाल्या तरी तुटला नाही.

चर्चमध्ये हे कडवं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा काही पुढारी माणसं नाराज झाली. देवाला असं विचारायचं असतं का? पण पाळक म्हणाले, "दाविदानं स्तोत्रांत याहून वाईट विचारलंय. वाचून बघा." आणि ज्यांच्या ज्यांच्या घरी लेकरू गेलं होतं, आणि त्या काळी लेकरू न गेलेलं घर विरळाच, त्या बायका मागच्या चटईवरून मोठ्यानं गायला लागल्या. इतकी वर्षं त्या नुसते ओठ हलवत होत्या. खरं सांगतो, गाणं कशाला करायचं असतं, ते मला या एका गोष्टीवरून कळलं.

तिसरं कडवं मग आपसूक आलं:

पीळ दिला, ताण दिला, तुटू नाही दिलं,
तुझ्या तीन पदरांत मला वळून घेतलं.

तीन पदरांचा दोर, तीन कडव्यांचं गाणं. मोटेला लागतो तो जाडजूड नाडा वळायचा असला की सगळी वाडी हात लावायला यायची, कारण तीन पदर एकमेकांत वळताना दोर ताणून धरावा लागतो. हनोख गाणं म्हणायचा, सगळी मागनं म्हणायची. तिसरं कडवं संपायला आणि दोर पुरा व्हायला एकच गाठ पडायची. मग सलोमी म्हणायची, "सोडा," आणि सगळे हात मोकळे. पुढं पुढं तिला तेही म्हणावं लागेना. तिसरं कडवं संपलं की वाडीतल्या लहानथोरांचे हात आपोआप सुटायचे. हे ध्यानात असू द्या.

आता पौलसचं सांगतो. पौलस हनोखचा लहानपणापासूनचा मित्र. उपासनेत मृदंग वाजवायचा आणि एरवी विहिरी खणायचा. हनोखला एक ओळ सुचायला महिना लागायचा, आणि पौलसच्या तोंडून शब्द तव्यावरच्या लाह्यांसारखे उडायचे. नवरदेवाच्या नाकावर कडवं, पाळकांच्या घोड्यावर कडवं, कुणाच्या म्हशीनं रेडकू दिलं की त्यावर कडवं. तासाभरात विसरूनही जायचा. दोघांचं जमत होतं कसं, हे कोडंच. पण जमत होतं.

एका नाताळाला असं झालं. सुगी चांगली झाली होती, घरोघरी गोडधोड झालं होतं. चर्चमध्ये दोराचं गाणं रंगात आलं. तिसरं कडवं संपलं, लोकांचे टाळ थांबले, आणि पौलसनं मृदंगावर थाप मारून आपलं चौथं कडवं ठोकून दिलं:

आज घरी गोड झालं, पोट भरून जेवलो,
देवा, तुझ्या नावानं मी ढेकर देत आलो.

सगळं चर्च हसलं. पाळकांनीसुद्धा पुस्तक तोंडाशी धरलं. पण हनोख हसला नाही. त्याच्या लेकराचं कडवं होतं त्या गाण्यात. तो उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "पौलस, ह्यो कच्चा वाख हाय. माझ्या दोरात नको."

पौलसनं मृदंग खुंटीला अडकवला. त्यानंतर तो चर्चमध्ये येत राहिला, पण त्याचं तोंड उघडलं नाही. हनोखशीही तो बोलेना. घरी आल्यावर सलोमी नवऱ्याला म्हणाली, "खरं सांगू? त्याची ओळ खोटी नव्हती. पोट भरलं व्हतं त्याचं." हनोखला ते पटलं होतं असं म्हणतात, पण पटलेलं तोंडावर यायला त्याला नेहमीच वेळ लागायचा.

त्यात आणखी एक झालं. बुवाच्या गाण्याला हात लावायचा नाही, असा वाडीत दंडक पडला. मग हळूहळू कुणी कसलंच गाणं करेना. बायका जात्यावर बसून बुवाचंच गाणं म्हणायच्या, आणि बाळाला झोपवतानाही तेच. न जाणो, आपण चार शब्द जोडले आणि कच्चे निघाले तर? हनोखनं असं कधी सांगितलं नव्हतं. पण चांगल्या माणसाचा धाक वाईट माणसाच्या धाकापेक्षा जास्त बसतो. वाईट माणसाच्या माघारी निदान त्याला नावं तरी ठेवता येतात.

असे काही नाताळ गेले. मग पाण्याची तंगी आली. गावच्या विहिरीला आपल्या लोकांनी हात लावायचा नाही, ही तेव्हाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून वाडीनं ठरवलं, चर्चच्या अंगणात आपली विहीर खणायची. खणणारा अर्थातच पौलस. सगळे मिळून कामाला लागले. हात हात करत विहीर खोल गेली, तरी पाणी लागेना. खाली नुसता ओला मुरूम.

एके दिवशी दुपारी भाकरीच्या वेळेला सगळे वर आले. पौलस खालूनच म्हणाला, "एवढी पाटी भरतो आन् येतो." तेवढ्यात विहिरीच्या कडेचा एक भला मोठा धोंडा सुटला आणि घरंगळत खाली गेला. लोक धावले. वाकून बघतात तर धोंडा तळाशी खणताना पडलेल्या कपारीच्या तोंडावर तिरका बसलेला, आणि पौलस आत कपारीत. जिवंत होता. पण बाहेर यायला वाट नव्हती, आणि कपारीत पाणी झिरपायला लागलं होतं. इतके दिवस मिनतवारी करून न आलेलं पाणी नेमकं तेव्हा आलं.

एकजण कमरेला दोर बांधून उतरला आणि धोंड्याला हनोखच्या नाड्याचा फास टाकून वर आला. बैल जुंपावेत असं कुणी म्हणालं, पण बैल हिसका देतात. धोंडा हिसक्यानं सुटून परत पडला असता तर कपारीसकट पौलसचा चुरा झाला असता. माणसांनीच ओढायचं ठरलं, आणि तेही एका तालात, इंच इंच. बाया, बापे, म्हातारे सगळे लागले. आरडाओरडा ऐकून गावातली माणसंही धावत आली आणि त्यांनीही नाडा धरला. त्या दिवशी कुणी कुणाची सावली मोजली नाही. विहिरीच्या काठाशी सगळ्यांत पुढं सलोमी, कारण तिला खालचं दिसत होतं. सगळ्यांत मागं नाड्याचं टोक कमरेला गुंडाळून हनोख, कारण ओढणाऱ्यांना मागं मागं जायचं होतं आणि उलटं चालायची विद्या त्याचीच.

त्यानं गाणं धरलं. दुसरं काय धरणार? धर बापा धर, माझा दोर धर. एका ओळीला एक पाऊल. धोंडा हलला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, धोंडा कपारीच्या तोंडावरून अर्धा उचलला गेला. तिसरं कडवं झालं. आणि तिसरं कडवं संपल्याबरोबर सगळ्यांचे हात सुटले.

कुणी मुद्दाम सोडलं नाही हो. वाडीच्या हातांची इतक्या वर्षांची सवय, आणि त्यांचं बघून गावातल्यांचेही सुटले. गाणं संपलं, हात मोकळे. नाडा सरसर खाली गेला, पौलस आतून ओरडला, आणि हनोख एकटा कमरेच्या फासावर ओढला जात विहिरीच्या दिशेनं फरफटत गेला. तेवढ्यात लोकांनी पुन्हा नाडा धरला. तळहात सोलून निघाले. धोंडा हातभर खाली येऊन थांबला. आणखी हातभर आला असता तर आज मी तुम्हाला ही गोष्ट वेगळी सांगितली असती.

हनोखनं धापा टाकत पुन्हा ध्रुपद धरलं, तर सलोमी पुढनं ओरडली, "ते नगं! परत शेवट येईल, परत हात सुटत्याल. म्होरचं म्हना. चौथं कडवं म्हना!"

चौथं कडवं! ज्या माणसाला एका कडव्यासाठी वर्ष लागलं, त्याला ते उभ्या उभ्या कुठून सुचावं? हनोखनं तोंड उघडलं. काही आलं नाही. खाली पाण्याचा आवाज येत होता. नाड्याचा एकेक धागा तट् तट् तुटताना ऐकू येत होता, असं म्हणतात. आत त्याचा मित्र होता, ज्याच्याशी तो इतके नाताळ बोलला नव्हता. हनोख लहान पोरासारखा रडायला लागला आणि रडत रडत मोठ्यानं म्हणाला, "माझं सरलं! माझं सरलं रं, बाबांनो! तुमचं घाला!"

कुणी काही म्हणेना. त्यांना बुवाचाच धाक. तेव्हा तो ओरडला, "कच्चं असलं तरी घाला!"

पहिली सलोमी गायली. तिच्या हातांतून रक्त येत होतं, तेच तिनं म्हटलं:

हात सोलले, रक्त आलं, लाल झाला दोर,
आम्ही बी सोडत न्हाई, देवा, तू बी लाव जोर.

एका ओळीला एक पाऊल. धोंडा परत वर चढायला लागला. सलोमीचं संपतंय तोच मधनं राहेल नावाची बाई गायला लागली:

शेजारणीची कोंबडी म्या दगड मारून नेली,
देवा, तिला सांग, माझी भूक मोठी झाली.

आणि ती शेजारीण तिच्याच पाठीमागं नाडा धरून उभी होती! तिनं सोडला नाही. ती मागनंच म्हणाली:

कोंबडी गेली, गेली बाई, दोर नको सोडू,
वर आल्यावर दोघी मिळून काय ते भांडू.

मग काय विचारता? इतक्या वर्षांचं तुंबलेलं होतं. कुणी मिठाचं म्हटलं, कुणी तापाचं, कुणी देवानं न ऐकलेल्या मागण्याचं. ज्याला यमक जुळलं नाही त्यानं तसंच म्हटलं. गावातली एक कासाराची म्हातारी होती, तिनं आपल्या देवाचं नाव घेऊन आपलं म्हटलं, आणि तिच्याही ओळीला पाऊल पडलं. चाल मात्र पार बिघडली होती, सूर नावाला उरला नव्हता. आणि तेवढ्यात विहिरीतून आवाज आला. खणखणीत.

वर कोण गातंय, देवा, सूर कुठं गेला?
बेसुऱ्यांनी ओढून काढलं तरी चालंल मला!

असं म्हणतात की हनोख तेव्हा रडता रडता हसला, आणि हसता हसता त्याचं शेवटचं पाऊल मागं पडलं. धोंडा काठावर आला. आणि धोंड्याच्या मागोमाग पाणी वर आलं, कडव्यामागून कडवं यावं तसं, आणि त्या पाण्यावर, पेंढीसारखा तरंगत, पौलस. शिकलेली माणसं म्हणतात, धोंडा सरकल्यानं झरा मोकळा झाला असणार. असेल. त्या दिवशी वर आलेलं पाणी अजून खाली गेलेलं नाही, आणि याचं काय करायचं ते त्या माणसांनाही समजत नाही.

पौलसला काठावर निजवलं. पाय दुखावला होता, बाकी ठणठणीत. हनोख त्याच्याजवळ गेला. उशाशी बसला. मग म्हणाला, "पौलस, तुझं ते ढेकराचं कडवं म्हन की येकदा."

पौलसनं त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "आता नगं, हनोखदादा. पोटात कावळे वरडत्यात. खोटं व्हईल."

सलोमी उठली आणि भाकरी आणायला घरी पळाली. पौलस पोटभर जेवला, आणि मग म्हटलं त्यानं ते कडवं, आणि मृदंगही खुंटीवरून खाली आला.

त्यानंतर हनोख झटपट गाणी करायला लागला, असं समजू नका. अजिबात नाही. त्याच्या स्वतःच्या ओळीला तेवढाच वेळ लागायचा, आणि सलोमीची फिरकी तशीच थांबायची. त्याचं म्हणणं होतं, आपल्या वाटणीचा पदर आपण पक्का वळायचा, दुसऱ्याचा आपण वळायचा नाही. पण गाणं झालं की तो शेवटी थांबायचा आणि बायकांच्या चटईकडं बघायचा, कुणी काही घालतंय का म्हणून.

त्याचं जाणंही बायबलातल्या हनोखसारखंच सांगतात. म्हातारपणी एका सकाळी तो दोर वळायला निघाला. सलोमी फिरकीवर. हनोख गात गात मागं मागं गेला, शिवेवरचा कडुलिंब ओलांडून वाटेच्या वळणाआड गेला. गाणं ऐकू येईनासं झालं, पण दोर ताणलेलाच होता, म्हणून सलोमी फिरकी फिरवत राहिली. दुपार झाली, सांज झाली. लोक बघायला गेले तर कडुलिंबाच्या पलीकडं दोराच्या टोकाशी कुणीच नव्हतं, आणि दोर तरीही ताठ होता. असं म्हणतात. काही जण म्हणतात तो घरीच खाटेवर गेला, सलोमीचा हात धरून. मी दोन्ही ऐकलं आहे, आणि मला दोन्ही पटतं.

आता हिवरमाळला सुगी झाली की एका रविवारी दोराची उपासना असते. आदल्या दिवशी घरोघरची माणसं मूठ मूठ वाख घेऊन येतात. आता घायपात फारसं कुणी कुटत नाही, कुणी बाजारातून आणतं, चालतं. सगळ्यांनी मिळून नवा दोर वळायचा. त्याचं एक टोक विहिरीच्या कठड्याला बांधायचं, आणि दोर चर्चच्या दारापर्यंत सगळ्यांनी धरायचा, गावातल्यांनीही. हनोखबुवाची तीन कडवी म्हणायची. तिसरं संपलं की हात सोडायचे नाहीत. सगळ्यांत म्हातारं माणूस म्हणतं, "माझं सरलं, तुमचं घाला." मग ज्याला जे खरं असेल ते त्यानं घालायचं, आणि निदान एक तरी कडवं पडल्याशिवाय कुणी जेवायला जायचं नाही.

खोटं घातलं तर दोर जड होतो, असं म्हणतात. मी स्वतः पाहिलं आहे. एकदा निवडणुकीला उभा राहिलेला एक माणूस आला आणि त्यानं आपण सगळ्यांचे सेवक असल्याचं कडवं म्हटलं. पुढच्या चौघांचे खांदे भरून आले. निवडणुकीत त्याचं काय झालं ते तुम्ही ओळखालच.

गेल्या वर्षी मात्र वेगळंच झालं. सगळ्यांत थोरली म्हातारी म्हणाली, "माझं सरलं, तुमचं घाला," आणि कुणी काही घालेना. ऊन चढत होतं, पोरं चुळबुळ करत होती, मटणाचा वास येत होता. दोराच्या शेवटच्या टोकाला आशेर नावाचा एकजण उभा होता. त्याची बायको पावसाळ्यात गेली होती, आणि तेव्हापासून त्यानं चर्चचं तोंड पाहिलं नव्हतं. त्या दिवशी का आला, कुणी विचारलं नाही. बऱ्याच वेळानं तो बोलला. गायला नाही, नुसता बोलला.

"मला काही सुचत न्हाई, देवा," तो म्हणाला, "पन धरलाय."

यमक नव्हतं, चाल नव्हती. म्हातारीनं डोळे मिटून दोर तोलून पाहिला, तो जड झाला नव्हता, आणि तिनंच ती ओळ उचलली. मग तिच्या शेजारच्यानं, मग बायकांनी, मग सगळ्यांनी. मला काही सुचत न्हाई, देवा, पन धरलाय. आणि आशेरसकट सगळ्यांनी मिळून एक पाऊल मागं टाकलं.